एका आकड्याने हाड कळत नाही

मूल चालायला लागले आणि त्याचे पाय फेंगडे दिसू लागले, दहा वर्षांची मुलगी रात्री पाय चेपून मागू लागली, किंवा वर्गातला सगळ्यांत बुटका म्हणून कुणाला चिडवले जाऊ लागले, की बेळगाव-निपाणीकडच्या घरांत हल्ली एक ठरलेला क्रम सुरू होतो. रक्त काढायचे, ड जीवनसत्त्व मोजून घ्यायचे, आकडा वीसच्या खाली आला की आठवड्याला एक अशी साठ हजार एककांची पुडी दुधातून द्यायची आणि विषय मिटला असे समजायचे. बेळगावातल्या वडगावच्या विणकर गल्लीतल्या कुटुंबाला ही चाचणी घरखर्चात जाणवेल एवढी महाग पडते, तरी ते ती करून घेतात, कारण मुलाच्या हाडांची काळजी सगळ्यांनाच असते. त्या काळजीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती तिला दाखवलेल्या वाटेबद्दल. मुलाच्या हाडांविषयी एकटा आकडा फार थोडे सांगतो, मग तो रक्तातल्या जीवनसत्त्वाचा असो, एक्स-रेवरून काढलेल्या हाडांच्या वयाचा असो की घनता मोजणाऱ्या यंत्राचा. वय, उंची, वाढीचा वेग, खाणे, ऊन आणि मागच्या नोंदी यांच्या शेजारी ठेवला तरच त्या आकड्याला अर्थ येतो. म्हणून तपासणी टेप, डोळे आणि चार नेमके प्रश्न यांपासून सुरू झाली पाहिजे आणि यंत्राचा नंबर शेवटी लागला पाहिजे. हा क्रम गरिबांसाठी केलेली तडजोड नाही; शास्त्रही हाच क्रम सांगते.

याचे कारण हाडाच्या स्वभावातच आहे. मोठ्या माणसाचे हाड बांधून झालेले असते. त्याची झीज किती झाली एवढाच प्रश्न उरतो. मुलाचे हाड मात्र अजून मागावर चढलेल्या कापडासारखे असते. विणकर दोष शोधतो तो जिथे नवा धागा बसतो आहे त्या कडेला. तसेच मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते, तिथे रोज नवी कूर्चा तयार होते आणि तिच्यात कॅल्शियम व फॉस्फेट भरून तिचे हाड बनते. ही खनिजे पुरली नाहीत की कूर्चा वाढत राहते पण टणक होत नाही. यालाच आपण मुडदूस म्हणतो. वाढ जिथे सर्वांत वेगाने होते तिथे दोष आधी उमटतो, म्हणून मनगट, गुडघा आणि फासळ्यांची टोके पाहायची. वाढीचा वेगही सगळ्या वयांत सारखा नसतो. प्रौढपणी हाडांत जेवढे खनिज असते त्याचा सुमारे चौथा हिस्सा उंची झपाट्याने वाढते त्या सुमाराच्या दोन वर्षांतच भरला जातो. दोन वर्षांच्या, सात वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या मुलाला एकच मोजपट्टी लावता येत नाही, ती यामुळे.

पहिला प्रश्न उन्हाचा. बेळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सोळाव्या अक्षांशाच्या आसपास आहे. इथे बाराही महिने त्वचेत ड जीवनसत्त्व बनू शकेल इतके ऊन आकाशात असते. मग इथल्या मुलांना मुडदूस कसा होईल, असे सहज वाटते. या शंकेचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात मिळाले होते. हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी नाशिकमधल्या कुटुंबांची पाहणी केली आणि १९२२ साली ती प्रसिद्ध केली. खाऊनपिऊन सुखी असलेल्या पण पडदा पाळणाऱ्या, बाळ-बाळंतिणीला घरात कोंडून ठेवणाऱ्या घरांत त्यांना मुडदूस आढळला. ज्यांच्या आया शेतावर राबत होत्या आणि बाळ बांधावर ठेवत होत्या अशा गरिबांच्या मुलांत तो फारसा दिसला नाही. आकाश एकच होते; ऊन अंगावर पडते की नाही ते घराच्या रीतीवर ठरत होते. पुढे २०१० साली पुण्यात डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडवस्तीतल्या पाळणाघरांची तुलना केली. एका पाळणाघरातली मुले उन्हात खेळत, दुसऱ्यातली दिवसभर आत असत. आतल्या मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्व पुष्कळ कमी होते. वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत माग घरातच असतो. आई त्या खोलीत काम करते आणि तान्हे तिथेच वाढते. निपाणीकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या आयांचेही असेच. त्यात बाळंतिणीची सव्वा महिन्याची खोली, आणि जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या कुशीतला तो पाऊस, ज्यात आठवडाभर ऊन दिसत नाही. म्हणून 'आपल्याकडे ऊन भरपूर' या वाक्यापाशी थांबू नये. बाळाच्या उघड्या अंगावर ते कधी आणि किती वेळ पडते, हे विचारावे.

पण केवळ उन्हाचीच पाठ धरली तर दुसरी चूक होते. नायजेरियात ऊन आपल्याहून कमी नाही, तरीही तिथे मुडदुसाची मुले दिसत होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांचे गट करून कुणाला ड जीवनसत्त्व, कुणाला कॅल्शियम, कुणाला दोन्ही दिले. नुसत्या ड जीवनसत्त्वापेक्षा कॅल्शियम मिळालेली मुले ठळकपणे जास्त सुधारली. ती मुले दिवसाला जेमतेम दोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम खात होती. आता आपल्या ताटाकडे पाहू. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात कॅल्शियम २५ ते ३० मिलिग्रॅम, तांदळात त्याहूनही कमी. भाकरी, भात, पातळ आमटी आणि चहातले चमचाभर दूध एवढ्यावर दिवस काढणारे मूल पोटभर जेवूनही हाडांपुरते उपाशी राहू शकते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम, सात ते नऊच्या मुलाला ६५० आणि दहा ते बाराच्या मुलाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. हे अशक्य मुळीच नाही. खानापूरकडच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. कर्नाटकात २०१३ पासून 'क्षीर भाग्य' योजनेत अंगणवाडीत आणि शाळेत भुकटीचे दीडशे मिलिलिटर दूध मिळते; त्यातून १७०-१८० मिलिग्रॅमची सोय होते. फेब्रुवारी २०२४ पासून शाळेतल्या दुधात आठवड्यातले काही दिवस नाचणीचे मिश्रणही घालू लागले आहेत. मूल ते दूध खरोखर पिते का, हा प्रश्न कुठल्याही चाचणीहून स्वस्त आहे आणि त्याचे उत्तर पुष्कळदा चाचणीहून उपयोगी पडते.

ऊन आणि खाणे विचारून झाले की मुलाकडे पाहायचे, आणि वयाच्या चष्म्यातून पाहायचे. जन्मतः बाळाचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेलेच असतात. दीड-दोन वर्षांपर्यंत ते सरळ होतात, मग उलट दिशेला कल घेऊन तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे एकमेकांना घासू लागतात, आणि सातव्या वर्षाच्या सुमाराला पाय मोठ्या माणसासारखे होतात. हा निसर्गक्रम ठाऊक नसला की निरोगी मुलाला पट्टे आणि महागडे बूट चढवले जातात. उलट, तीन वर्षांनंतरही टिकलेला बाहेरचा बाक, वाढत जाणारा बाक, एकाच पायाचा बाक किंवा बाकाबरोबर खुंटलेली उंची हे आजाराचे इशारे आहेत. मनगटाशी हाड रुंद आणि गुठळ्यासारखे लागते का, छातीच्या फासळ्यांच्या टोकांना मण्यांची ओळ लागते का, दीड वर्ष उलटूनही टाळू भरलेली नाही का, दात उशिरा येताहेत का, हे सगळे बोटांनी आणि डोळ्यांनी कळते. पाठीसाठी मुलाला कमरेत पुढे वाकवून मागून पाहावे. एका बाजूची फासळी उंच दिसली तर मणक्याला पीळ आहे. दुखण्याचेही तसेच. संध्याकाळी दोन्ही पायांत दुखून सकाळी मूल उड्या मारत असेल तर धीर धरता येतो. पण एकाच जागी दुखत असेल, मूल लंगडत असेल, ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर सांध्याचा जंतुसंसर्ग, मणक्याचा क्षय आणि रक्ताचा कर्करोग या शक्यता आधी दूर कराव्या लागतात. अशा मुलाला ड जीवनसत्त्वाची पुडी देऊन घरी पाठवणे म्हणजे मोलाचे दिवस घालवणे.

या सगळ्यांत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलके माप म्हणजे उंची. ती मोजतानाची हेळसांड नेहमीची आहे: भिंतीवर पेन्सिलीची खूण, पायात चप्पल, डोक्यावर फुगलेला अंबाडा. नीट मोजायचे तर मूल अनवाणी हवे. टाचा, ढुंगण आणि पाठ सरळ फळीला टेकलेली हवी. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कानाचे भोक एका आडव्या रेषेत हवे. मग डोक्यावर सपाट पट्टी टेकवून मिलिमीटरपर्यंत वाचायचे. दोन वर्षांखालचे मूल झोपवून मोजायचे, आणि त्यासाठी दोन माणसे लागतात. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा आणि पुढे अठरापर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ सालचा आलेख आपल्याकडे आहे. त्यावर एक ठिपका पडला तर मूल उंच की बुटके एवढेच कळते. सहा महिन्यांनी दुसरा आणि वर्षाने तिसरा पडला की वाढ चालू आहे की अडली आहे, हे कळते. शाळेच्या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते; चारच्या खाली वेग गेला तर कारण शोधायलाच हवे. उंचीबरोबर हातांची कव आणि बसल्यावरची उंची मोजली तर प्रमाणही कळते. धड नेहमीचे आणि हातपाय आखूड, किंवा पाय लांब आणि धड आखूड असे दिसले, तर प्रश्न खाण्याचा नसून सांगाड्याच्या जनुकीय घडणीचा असण्याची शक्यता वाढते. अशा आजारांची २०२३ सालची आंतरराष्ट्रीय यादी ७७१ पर्यंत पोचली आहे. ती पाठ असण्याची गरज कुणालाच नाही. गरज आहे ती धडाचे आणि पायांचे प्रमाण बिघडले आहे, हे पहिल्या भेटीत कुणाच्या तरी लक्षात येण्याची.

एकाच कारणाचा हट्ट किती महाग पडतो याचे उदाहरण कर्नाटकातच आहे. शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातल्या हंदिगोडू गावात १९७४-७५ च्या सुमाराला काही कुटुंबांतल्या लोकांचे नितंबांचे आणि गुडघ्यांचे सांधे वाकडे होत असल्याचे, काहींची उंची खुंटल्याचे उजेडात आले. कीटकनाशक मारलेल्या भातखाचरातले खेकडे खाल्ल्यामुळे हे होते, असा संशय घेतला गेला. पोषण, विष, पाणी असे तर्क झाले. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी घराघरांचे वंशवृक्ष मांडले, एक्स-रे पाहिले, तेव्हा तो पिढीतून पिढीत उतरणारा सांगाड्याचा विकार निघाला. दुसरीकडे त्याच संस्थेच्या संशोधकांनी १९७३ साली आंध्रातल्या मुलांच्या आत वाकलेल्या गुडघ्यांचे मूळ पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडमध्ये दाखवले होते. बाहेरून दोन्ही ठिकाणी वाकडे पायच दिसतात. एका ठिकाणी घराणे विचारावे लागते, दुसऱ्या ठिकाणी विहीर. आपल्या भागात घराणे विचारण्याला आणखी एक कारण आहे. कर्नाटकात नात्यातली लग्ने बरीच होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्यांचे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक निघाले. मामा-भाची किंवा मामेबहीण-आतेभाऊ अशा जोडप्यांत दोघांकडून एकच सदोष जनुक मुलाला मिळण्याची शक्यता वाढते. हे विचारताना आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे नसते. पुढच्या बाळासाठी सल्ला वेळेवर मिळावा एवढाच हेतू असतो.

एवढे झाल्यावर रक्ताची पाळी येते, आणि इथे रिपोर्टची छपाईच फसवू शकते. पुष्कळ लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' म्हणून प्रौढांच्या मर्यादा छापलेल्या असतात. अल्कलाइन फॉस्फटेज हे हाड बांधणाऱ्या पेशींचे द्रव्य वाढत्या मुलात मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असणे स्वाभाविक आहे, कारण त्याच्या अंगात हाडबांधणी जोरात चालू असते. प्रौढांची वरची मर्यादा १२०-१३० च्या घरात. आठ वर्षांच्या मुलाचा ३०० आकडा निरोगी असूनही लाल अक्षरात छापून येतो आणि घरात रडारड होते. फॉस्फेटचे याच्या नेमके उलट. प्रौढांत २.५ पर्यंत चालते, म्हणून तीन वर्षांच्या मुलाचा २.८ हा आकडा काळ्या अक्षरात, निर्धोक म्हणून छापून येतो. वास्तविक त्या वयात तो कमी आहे, आणि तोच एका वेगळ्या मुडदुसाचा धागा असतो. या मुडदुसात मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जाते, तो बहुधा वंशातून येतो, आणि ड जीवनसत्त्वाच्या कितीही पुड्या दिल्या तरी पाय सरळ होत नाहीत. मूत्रपिंडाच्या नळ्यांचे काही विकारही असेच फसवतात. उलट फॉस्फटेज वयाच्या मानाने फारच कमी असेल तर तो निराळाच जनुकीय आजार असू शकतो. म्हणून एकट्या ड जीवनसत्त्वाऐवजी कॅल्शियम, फॉस्फेट, फॉस्फटेज आणि क्रिएटिनिन हा साधा संच आधी पाहावा आणि तो वयाच्या मर्यादांशी ताडावा. मुडदुसाचा संशय असेल तर मनगट आणि गुडघ्याचा एक्स-रे निकाल देतो: हाडाचे टोक कपासारखे खोलगट, पसरट आणि कडेला विस्कटलेले दिसते. उपचारांनंतर त्याच जागी पांढरी दाट रेघ उमटते. तीन महिन्यांत ती उमटली नाही तर कारण दुसरे आहे असे धरून पुढचा शोध घ्यायचा.

डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात, त्यालाही संदर्भ लागतो. ग्रॉयलिख आणि पाइल यांचा जो नकाशाग्रंथ जगभर वापरला जातो, तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या मुलांच्या १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या एक्स-रेंवर उभा आहे. वडगावचे मूल त्या नकाशाच्या वर्षभर मागे-पुढे निघाले तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट आणखी महत्त्वाची. ते यंत्र हाडाची सपाट सावली मोजते, जाडी मोजत नाही. बुटक्या मुलाचे हाड लहान असते, म्हणून ते सुदृढ असूनही विरळ भासते. मोठ्यांसाठी वापरतात तो तरुण प्रौढाशी तुलना करणारा टी-स्कोअर मुलाला लावणे सरळसरळ चूक आहे. त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या मुलांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहायचा आणि तोही उंची ध्यानात घेऊन. पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेतल्या खाडिलकर गटाने २०११ साली पाच ते सतरा वर्षांच्या भारतीय मुलामुलींची मापे प्रसिद्ध केली, हे या दृष्टीने मोठे काम आहे. घनतामापनाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्थेची भूमिका तर याहून स्पष्ट आहे: निव्वळ घनतेच्या आकड्यावरून मुलाला हाडांच्या ठिसूळपणाचे निदान चिकटवू नये. मोठा मार लागलेला नसताना मणका दबून मोडला असेल, किंवा कमी घनतेबरोबर दहा वर्षांच्या आत लांब हाडे दोनदा अथवा एकोणिसाव्या वर्षापर्यंत तीनदा मोडली असतील, तरच ते नाव द्यावे. थोडक्यात, सर्वांत महाग यंत्राचा निकालही शेवटी एका फुकटच्या नोंदीवर टेकतो: हाड किती वेळा, कोणते आणि कशाने मोडले? आपल्याकडे मोडलेला हात गावठी वैद्याकडे बांधून घेण्याची रीत अजून आहे. फार घट्ट पट्टीने रक्त अडते हा धोका तर आहेच. शिवाय त्या मोडण्याचा एक्स-रे निघत नाही आणि कागदही उरत नाही. तिसऱ्यांदा हाड मोडून मूल रुग्णालयात येते तेव्हा ते पहिल्यांदाच मोडल्यासारखे भासते, आणि डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असलेला, जन्मापासून ठिसूळ हाडांचा आजार ओळखायची संधी वर्षानुवर्षे निसटते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढा खटाटोप कशाला. ड जीवनसत्त्वाची कमतरता सार्वत्रिक आहे, सगळ्यांनाच पुड्या द्याव्यात. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या १४ टक्के, पाच ते नऊच्या १८ टक्के आणि दहा ते एकोणीसच्या २४ टक्के मुलांत मिलिलिटरमागे बारा नॅनोग्रॅमच्या खालची कमतरता आढळली. हे प्रमाण मोठे आहे, पण चारातल्या तीन मुलांना ती कमतरता नाही, हेही त्याच सर्वेक्षणातून निघते. आक्षेपाचा अर्धा भाग मान्यच आहे: जन्मापासून वर्षभर प्रत्येक बाळाला रोज ४०० एककांचे थेंब द्यावेत, त्यासाठी रक्त तपासायची गरज नाही, असे जगभरच्या तज्ज्ञांचे २०१६ सालचे मत आहे आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांचेही तेच आहे. हे थेंब प्रत्येक बाळंतिणीच्या हाती पडले तर मुडदुसाचा आणि तान्ह्या बाळांना कॅल्शियम घसरल्याने येणाऱ्या झटक्यांचा मोठा भाग आपोआप टळेल. पण साठ हजारांच्या पुड्या किती आठवडे द्यायच्या हे न ठरवता देत राहिल्या, तर रक्तात कॅल्शियम चढते. मूल ओकते, त्याला मलावरोध होतो, लघवी वाढते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. निरोगी मुलाचे रक्त उगाच तपासू नये, असेही तज्ज्ञ सांगतात. पुडी औषध आहे. ती निदानाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा असतो: मोठे झाले की आपोआप सरळ होते. पायांच्या साध्या बाकाबाबत हे खरे आहे, हे वर सांगितलेच. पण काही गोष्टींत थांबणे म्हणजे हातची संधी घालवणे. वळलेल्या पावलाचे बाळ पहिल्या काही आठवड्यांत आले तर पोन्सेटी पद्धतीने आठवड्याला एक अशी पाच-सहा प्लास्टरे, टाचेच्या शिरेवर एक छोटासा छेद आणि मग चार वर्षांपर्यंत झोपताना घालायचे बूट एवढ्यावर पाऊल सरळ होते. निसटलेला नितंबाचा सांधा सहा महिन्यांच्या आत सापडला तर पट्ट्यांवर भागते. मूल लंगडत चालू लागल्यावर सापडला तर शस्त्रक्रिया. इथे आपल्या रीतीतही चांगले-वाईट दोन्ही आहे: कडेवर पाय फाकवून घेणे सांध्याला हिताचे, आणि पाय ताठ जुळवून घट्ट बाळोत्यात गुंडाळणे अहिताचे. आपोआप बरे होणारे कोणते आणि न होणारे कोणते, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणजे हा आक्षेप खरे तर लवकर तपासणीच्याच बाजूने साक्ष देतो.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे: एवढा वेळ कुणाकडे आहे, आणि तज्ज्ञ कुठे आहेत? व्यवस्था कागदावर तरी तयार आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत तीस आजार शोधायचे ठरले. त्या यादीत वळलेले पाऊल, नितंबाचा सदोष सांधा आणि मुडदूस ही तिन्ही नावे आहेत. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचे असते. बेळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे जिल्हा रुग्णालय आणि १९६३ पासूनचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुर्मिळ आजारांच्या २०२१ सालच्या राष्ट्रीय धोरणाखाली बेंगळुरूची इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्था आणि मुंबईचे केईएम रुग्णालय ही केंद्रे आहेत. या दोन टोकांमधला सांधा निखळतो तो नोंदीपाशी. सीमाभागातले मूल आज बेळगावला, उद्या मिरजेला किंवा कोल्हापूरला आणि परवा हुबळीला दाखवले जाते. एका राज्यातले कार्ड दुसऱ्या राज्यातल्या ओपीडीत कुणी उघडून पाहत नाही. मराठी बोलणाऱ्या आईच्या हाती कन्नड शेरे आणि इंग्रजी रिपोर्ट असतात. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो आणि पुन्हा ड जीवनसत्त्व मोजायला सांगतो. इथे वेळ वाचत नाही, वाया जातो. वर्षातून दोनदा नीट मोजलेली उंची, मोडलेल्या हाडांची यादी आणि आधीचे एक्स-रे समोर असतील, तर तोच डॉक्टर दहा मिनिटांत निर्णयाला येऊ शकतो.

म्हणून मागणी मोठ्या यंत्राची करण्याआधी लहान गोष्टींची करायला हवी, आणि ती वडगावच्या आईबापांनी, शिक्षकांनी आणि नगरसेवकांनी मिळून करायला हवी. प्रत्येक अंगणवाडीत आणि शाळेत उंची मोजायची पक्की फळी असावी आणि ती वापरायचे प्रशिक्षण बाईंना मिळावे. कर्नाटकात आईला मिळणाऱ्या तायी कार्डात वजनाबरोबर उंचीचा आलेखही भरला जावा, आणि त्याच्या मागे मोडलेल्या हाडांसाठी एक पान असावे; मजकूर कन्नडबरोबर मराठीतही असावा. लॅबनी मुलांच्या रिपोर्टवर मुलांच्याच वयाच्या मर्यादा छापाव्यात. याला खर्च काहीच येत नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब प्रत्येक तान्ह्यापर्यंत पोचावेत. आणि आईबापांनी डॉक्टरांकडे जाताना 'ड जीवनसत्त्व बघा' म्हणण्याऐवजी 'गेल्या वर्षभरात हा किती वाढला ते बघा' असे म्हणावे. मूल घडत असते तोवरच हाड दुरुस्त होऊ शकते. वाढीची कूर्चा मिटली की उरलेला बाक आणि राहिलेली उंची कायमची होते. तोवर हाती असलेली पंधरा-सोळा वर्षे भरपूर आहेत, फक्त त्यांतल्या प्रत्येक वर्षाचे माप कुणीतरी घेतलेले आणि जपून ठेवलेले हवे.